पावती, जॉबशीट आणि पंचनामा : ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांतून पाच पत्रे उत्तरासाठी घेतली आहेत. फ्रिज, पैठणी, मोबाइल, घरघंटी आणि सोयाबीनचे बियाणे अशा पाच तऱ्हांच्या वस्तू त्यांत असल्या, तरी पेच बहुतेकांचा एकच आहे. वस्तूतला दोष घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, तो लिहिलेला मात्र कुठेच नाही.

प्रश्न : गेल्या वर्षी जुलै महिन्यात गावातल्या दुकानातून ३४,५०० रुपयांना फ्रिज घेतला. चार महिन्यांतच खालचा कप्पा थंड होईनासा झाला. कंपनीचा तंत्रज्ञ तीनदा येऊन गेला. प्रत्येक वेळी गॅस भरला, आठ-पंधरा दिवस फ्रिज नीट चालला आणि पुन्हा दूध नासू लागले. आता कंपनी म्हणते की तुमच्याकडे व्होल्टेज कमी-जास्त होते, त्याला आम्ही काय करणार. दुकानदार म्हणतो की माझा संबंध विकण्यापुरता होता. दरम्यान एक वर्षाची वॉरंटीही संपली. नवा फ्रिज मिळू शकेल का? (एक वाचिका, बार्शी)

उत्तर : मागता नक्कीच येईल. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोग वस्तूतील दोष दूर करून देण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि नुकसानभरपाई देण्याचा आदेश करू शकतो. परंतु यांपैकी नेमके काय पदरात पडेल, हे पुराव्यावर ठरते. वॉरंटीत केवळ सुटे भाग बदलून देण्याचे वचन असेल आणि भाग बदलून दोष जाण्यासारखा असेल, तर संपूर्ण वस्तूच बदलून द्या असा आदेश करता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका मोटारीच्या क्लचसंबंधीच्या प्रकरणात घेतली होती आणि कंपन्यांचे वकील आजही तिचा आधार घेतात. म्हणून आपल्या तक्रारीचा सारा भर ‘फ्रिज बिघडला’ यावर न ठेवता ‘तीन वेळा दुरुस्त करूनही तोच दोष परत आला’ यावर ठेवावा. गॅस पुन:पुन्हा कमी होतो याचा साधा अर्थ असा की तो कुठून तरी गळतो आहे, आणि गळती न शोधता नुसता गॅस भरत राहणे ही काही दुरुस्ती नव्हे.

आता त्या तीन भेटींची जॉबशीट, म्हणजे तंत्रज्ञाने केलेल्या कामाची नोंद असलेला कागद, काढून पाहा. तिच्यावर बहुधा ‘गॅस चार्ज केला, ओके’ एवढेच लिहिलेले असेल. कदाचित कागदच मिळाला नसेल, कारण हल्ली तंत्रज्ञ निघताना मोबाइलवर आलेला ओटीपी विचारतो आणि आपण तो सांगितला की कंपनीच्या दप्तरी तक्रार ‘ग्राहकाचे समाधान झाले’ या शेऱ्यासह बंद होते. आयोगापुढे कंपनी नेमकी हीच नोंद दाखवते. माझ्याकडे येणाऱ्या घरगुती उपकरणांच्या प्रकरणांत जी पुढे लंगडी पडतात, त्यांतली बरीच या ओटीपीपाशीच लंगडी पडलेली असतात. यापुढे तंत्रज्ञ आला, तर फ्रिज निदान एक दिवस चालवून पाहिल्याशिवाय ओटीपी सांगू नये. त्याने घाई केलीच, तर ‘आज गॅस भरला; गळती तपासली नाही; हीच तक्रार याआधी अमुक तारखांना केली होती’ असा मजकूर कंपनीच्या तक्रार-ईमेलवर त्याच संध्याकाळी पाठवावा. मागच्या तीन भेटींच्या तक्रार क्रमांकांचे एसएमएस फोनमध्ये असतील. त्यांची छायाचित्रे आजच काढून ठेवा.

व्होल्टेजच्या सबबीला घाबरून जाण्याचे कारण नाही. व्होल्टेजमुळे बिघाड झाला असे कंपनीला म्हणायचे असेल, तर तंत्रज्ञाने घरात मीटर लावून किती व्होल्ट भरले हे जॉबशीटवर लिहायला हवे होते. तसे लिहिले नसेल, तर ‘हे मोजमाप कोणत्या तारखेला, कोणी केले?’ असे लेखी विचारा. फ्रिजच्या माहितीपुस्तिकेत तो किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो हे दिलेले असेल, तर तेवढे पान जपून ठेवा; आणि स्टॅबिलायझरची गरज नाही असे जाहिरातीत किंवा खोक्यावर छापलेले असेल, तर ते पान नव्हे, सोनेच समजा.

दुकानदाराचे म्हणणे मान्य करू नये. पैसे आपण त्याला दिले, बिल त्याने फाडले, विक्रीचा करार त्याच्याशी झाला. तक्रारीत विक्रेता आणि उत्पादक अशा दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे. एकालाच केले, तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि वर्ष जाते. वॉरंटी संपल्याचेही फार मनावर घेऊ नका, कारण दोष वॉरंटीच्या काळातच दिसला आणि कळवलाही होता. कलम ६९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो असा की कंपनीला दर दोन-चार महिन्यांनी स्मरणपत्र पाठवत राहिले की मुदतही वाढत राहते. ती तशी वाढत नाही. आपली मुदत पहिल्या बिघाडापासूनच, म्हणजे गेल्या नोव्हेंबरपासून मोजली जाईल असे धरून चालणे सुरक्षित.

दोघांनाही पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. उत्तर आले नाही, तर आपण राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे सोलापूरला तक्रार करता येईल. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती, दुसऱ्या पक्षाच्या गावी किंवा जिथे कारण घडले तिथे जावे लागे. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क शून्य आहे. वकील देण्याची सक्ती नाही आणि ई-जागृती या पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार भरता येते. फ्रिज तपासायचा झाल्यास आयोग तो प्रयोगशाळेकडे किंवा तज्ज्ञाकडे सोपवू शकतो. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात, त्याहून एक दिवसही अधिक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. निकालासाठी कायद्याने ठरवलेली मुदत ३ महिन्यांची आणि तपासणी लागल्यास ५ महिन्यांची आहे. प्रत्यक्षात आयोगांवरील कामाचा बोजा पाहता एवढ्यात निकाल लागेल अशी आशा मी आपल्याला दाखवणार नाही.

राहता राहिला मागणीचा आकडा. मानसिक त्रासापोटी ५ लाख मागा, असा सल्ला कोणीतरी देईलच. ३४,५०० रुपयांच्या फ्रिजसाठी तसा आकडा लिहिला की तक्रारीतील उरलेल्या गोष्टीही फुगवलेल्या असाव्यात असा ग्रह होतो. किंमत, तिच्यावरील व्याज, नासलेल्या वस्तूंचा आणि दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च, तक्रारीचा खर्च आणि त्रासापोटी माफक रक्कम एवढेच मागावे.

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी १८,००० रुपयांना पैठणी घेतली. दुकानदाराने हातमागाची म्हणून सांगितले होते. घरी आल्यावर जावेने पदर उलटून पाहिला आणि ही यंत्रमागाची आहे असे म्हणाली. बिलावर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापले आहे. आता काही करता येईल का? (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : आपल्या जाऊबाईंची नजर तयार आहे. हातमागाच्या पैठणीच्या पदरावरील मोर किंवा वेलबुट्टी धाग्यात धागा अडकवून विणलेली असते, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. यंत्रमागाच्या साडीत उलट्या बाजूला मोकळे लोंबते किंवा कापलेले धागे दिसतात. तरीही घरच्या माणसाचे मत हा आयोगापुढे पुरावा होत नाही. जाणत्या विणकराचे किंवा वस्त्रतज्ज्ञाचे लेखी मत घ्यावे. साडी नेसू नये, धुऊ नये आणि धागा जाळून पाहण्याचा घरगुती प्रयोग तर मुळीच करू नये. तो रेशीम आहे की नाही एवढेच सांगतो, आणि इथे वाद मागाचा आहे.

बिलावरच्या त्या छापील ओळीचा धाक मात्र बाळगू नका. सदोष माल परत घेण्यास आणि पैसे परत करण्यास नकार देणे, ही २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. बिलावर परतीची मुदत दिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि नसेल तर ३० दिवसांत माल परत घ्यावा लागतो. शिवाय वस्तू ज्या वर्णनाने विकली, त्या वर्णनाशी ती जुळली पाहिजे, हे तर मालविक्री अधिनियम, १९३० पासूनचे तत्त्व आहे. मात्र रंग आवडला नाही किंवा तीच साडी दुसरीकडे दोन हजारांनी स्वस्त दिसली, अशा कारणांसाठी साडी परत करण्याचा हक्क कोणताही कायदा देत नाही. तिथे दुकानदाराचे सौजन्य आणि आपली ओळख यांवरच भिस्त.

खरी अडचण आपण सोबत पाठवलेल्या बिलात आहे. त्यावर ‘सिल्क साडी, १ नग’ एवढेच लिहिले आहे. ना पैठणी हा शब्द, ना हातमाग. तोंडी वर्णन सिद्ध करणे कठीण असते. खरेदीआधी दुकानाने व्हॉट्सॲपवर साड्यांची छायाचित्रे पाठवली होती आणि त्याखाली ‘प्युअर हँडलूम’ असे लिहिले होते, असा उल्लेख आपल्या पत्रात ओझरता आला आहे. या पत्रातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. तो संदेश पुसू नका, फोन बदलला तरी जुना फोन सांभाळा आणि दुकानाला त्याच संभाषणात लिहा : ‘आपण हातमागाची म्हणून दिलेली ही साडी यंत्रमागाची असल्याचे दिसते, कृपया खुलासा करावा.’ मी पाहिले आहे की असा संदेश गेल्यावर दुकानदार पुष्कळदा स्वतःच फोन करतो.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या मोबाइलची बॅटरी बाराव्या दिवशी फुगली. संकेतस्थळ म्हणते, परतीची मुदत ७ दिवसांची होती आणि आम्ही केवळ मध्यस्थ आहोत. खोके उघडतानाचे चित्रीकरण नसल्याने दावा चालणार नाही, असेही सांगितले. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सर्वांत आधी तो मोबाइल वापरणे आणि चार्ज करणे थांबवा. ७ दिवसांची मुदत ही संकेतस्थळाने आपल्या सोयीसाठी आखलेली आहे. तिने वस्तूतील दोषाबद्दलची विक्रेत्याची आणि उत्पादकाची जबाबदारी संपत नाही. खोके उघडतानाचे चित्रीकरण हवेच, असे कोणत्याही कायद्यात नाही. खोक्यात फोनऐवजी साबणाची वडी निघाली, तर ते उपयोगी पडते. बाराव्या दिवशी फुगलेल्या बॅटरीशी त्याचा काय संबंध? ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढणे बंधनकारक आहे. लेखी मागणी केल्यास विक्रेत्याचा पत्ताही संकेतस्थळाने द्यावा लागतो. सदोष माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. अधिकाऱ्याला लिहा, सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, आणि कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्राकडून बॅटरी फुगल्याचे लेखी घेतल्याशिवाय फोन त्यांच्या हाती सोडू नका.

प्रश्न : मी विधवा असून घरीच आजूबाजूच्यांचे दळण दळून देते. त्यासाठी घेतलेल्या घरघंटीची मोटर दोन महिन्यांत दोनदा जळाली. दुकानदार म्हणतो की तुम्ही धंद्यासाठी वापरता म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. त्याने बिलही कच्चेच दिले आहे. बिलाशिवाय घेतले तर जीएसटी वाचेल असे तो म्हणाला होता. (एक वाचिका, जालना)

उत्तर : दुकानदाराने अर्धाच कायदा वाचला आहे. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही हे खरे. पण त्याच व्याख्येच्या स्पष्टीकरणात पुढे असे आहे की केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी कारणासाठी घेतली असे समजले जाणार नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे समजावून सांगताना स्वतः चालवण्यासाठी रिक्षा घेणाऱ्याचे आणि स्वतः काम करण्यासाठी लेथ मशीन घेणाऱ्याचे उदाहरण दिले, आणि मदतीला एक-दोन माणसे घेतली म्हणून तो ग्राहक राहत नाही असे नव्हे, हेही स्पष्ट केले. दळण दळणारी बाई याहून वेगळी नाही. तक्रारीत मात्र ‘मी स्वतः दळते, माझा चरितार्थ यावरच चालतो’ हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात आले पाहिजे. ते राहून गेले म्हणून अडलेली प्रकरणे आहेत.

घरघंटी किती वेळ सलग चालवायची याची मर्यादा पुस्तिकेत दिलेली असेल, तर ती पाहा. घरगुती वापराचे यंत्र दिवसभर चालवले, हा बचाव कंपनी हमखास घेईल आणि तो अगदीच पोकळ नाही. दळणासाठी हवे आहे असे सांगूनच यंत्र मागितले होते का आणि तेव्हा दुकानदाराने हेच मॉडेल पुढे केले का, हे आठवून लिहून ठेवा. त्या वेळी सोबत कोणी असेल, तर त्यांचे शपथपत्र घेता येईल.

कच्च्या बिलाबद्दल बोलायचे, तर बिल न देणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथाच आहे, त्यामुळे आपला हक्क बुडत नाही. पैसे यूपीआयने दिले असतील, तर बँकेचे विवरण, कच्च्या चिठ्ठीवरील हस्ताक्षर आणि यंत्राचा क्रमांक यांवरून खरेदी सिद्ध करता येईल. वॉरंटी देताना कंपनी मात्र पक्के बिलच मागते, आणि तिथे वाचवलेला जीएसटी महागात पडतो. दुकानदाराकडे आजही लेखी मागणी करून पक्के बिल मागा, कराची रक्कम भरण्याची तयारी दाखवा. नकार दिला, तर तो नकारही पुरावाच आहे.

प्रश्न : तीन एकरांत सोयाबीन पेरले. पाऊस चांगला झाला होता, तरी निम्मेही उगवले नाही. कृषी सेवा केंद्रवाला म्हणतो की खोल पेरले असेल. पंचनाम्याची वाट पाहत बसलो तर दुबार पेरणीचा वापसा (पेरणीजोगी ओल) निघून जाईल. काय करावे? (एक शेतकरी वाचक, अहमदपूर)

उत्तर : हे पत्र वेळेवर पोचले, म्हणून आपल्याला फोनवर थोडक्यात कळवले होतेच, इतरांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितो.

शेतकरी बियाण्याचा ग्राहक आहे आणि तो ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात निकाली काढला आहे. त्या प्रकरणातील बचाव असा होता की शेतकऱ्यांनी बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतला नाही. न्यायालयाने तो मानला नाही. सगळे बियाणे जमिनीत टाकणाऱ्या शेतकऱ्याने पुढे कधी तरी तपासणी लागेल म्हणून त्यातले थोडे बाजूला ठेवावे, अशी अपेक्षा करता येत नाही. उलट त्याच लॉटचा नमुना कंपनीजवळ असू शकतो आणि तो तिने पुढे करावा, असे न्यायालयाचे म्हणणे होते. त्यामुळे आता बहुतेक सारा भार शेताच्या पाहणीवर येतो. तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीचे कृषी अधिकारी यांच्याकडे त्याच दिवशी लेखी तक्रार देऊन आवक क्रमांक घ्यावा आणि तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीने शेतावर येऊन पाहणी करावी अशी मागणी करावी. पाहणीची सूचना विक्रेत्याला आणि कंपनीलाही गेली पाहिजे, नाहीतर एकतर्फी अहवाल म्हणून तो नंतर झिडकारला जातो.

अहवालात काय लिहिले जाते, तिकडे स्वतः लक्ष द्या. ‘उगवण कमी आढळली’ या मोघम वाक्याचा फारसा उपयोग नाही. शेतात चार-पाच ठिकाणी ओळीतले एक मीटर मोजून किती रोपे उभी आहेत, न उगवलेले दाणे उकरून ते किती खोलीवर सापडले, दाणा कुजला आहे की तसाच आहे, त्या आठवड्यात पाऊस किती झाला आणि बीजप्रक्रिया केली होती का, हे आकड्यांसह आले पाहिजे. सोयाबीन तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल गेले तर उगवण घटते हे खरेच आहे. म्हणूनच खोलीचे माप पंचनाम्यात असले, की कृषी सेवा केंद्रवाल्याचे ‘खोल पेरले असेल’ तिथेच निकालात निघते. शेजारच्या बांधावर त्याच दिवशी, त्याच ट्रॅक्टरने, दुसऱ्या कंपनीचे बियाणे पेरले गेले आणि ते नीट उगवले असेल, तर त्या शेतकऱ्याचे नाव आणि गट क्रमांक जबाबात घालून घ्यावा. इतका बोलका पुरावा दुसरा नाही.

दुबार पेरणीचा आपला प्रश्न रास्त आहे. समिती येईपर्यंत शेत अडकवून ठेवा असे सांगणे सोपे, पण वापसा कोणासाठी थांबत नाही आणि वर्षाचे पीक दाव्यापेक्षा मोठे असते. कुळव फिरला की पुरावा गेला, हेही तितकेच खरे. माझा सल्ला असा की तारीख आणि ठिकाण दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत, दोन पंच आणि जमल्यास कृषी सहायक यांच्या सह्यांनिशी साधा जबाब करावा, आणि दहा-बारा गुंठ्यांची एक पट्टी हात न लावता तशीच सोडून बाकीच्या रानात पेरणी उरकावी. ‘दुबार पेरणी करत आहे, अमुक पट्टी पाहणीसाठी ठेवली आहे’ असे तालुका कार्यालयाला आदल्या दिवशी लेखी कळवावे. नंतर भरपाई मागताना बियाण्याची किंमत, पहिल्या पेरणीचा आणि खताचा खर्च, दुबार पेरणीचा खर्च आणि उत्पन्नात आलेली घट, असे चारही भाग वेगवेगळे दाखवावेत.

प्रमाणित सोयाबीन बियाण्याला किमान ७० टक्के उगवणशक्ती असावी लागते आणि तो आकडा, लॉट क्रमांक व मुदत पिशवीच्या टॅगवर असते. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा, तर कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या सत्यप्रत बियाण्याचा हिरवट असतो. आपल्या पत्रावरून असे दिसते की पिशव्या शेतातच पडून आहेत. पावसाने टॅगवरची अक्षरे जाण्याआधी त्या घरी आणा, टॅग न तोडता पिशव्या कोरड्या जागी ठेवा आणि पावतीवरील लॉट क्रमांक टॅगवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहा. जुळत नसेल, तर कृषी सेवा केंद्रात जाण्याआधी मला पुन्हा लिहा, कारण मग तक्रारीची मांडणी बदलावी लागेल आणि उत्तर देण्याची पहिली जबाबदारी विक्रेत्यावर येईल.